वारा सरला का?

संपादकांचा फोन आला, "सिस्टर, डोळ्यांत पाणी आणणारे दोन-तीन प्रसंग लिहा." मंगरूळपीरच्या एका खासगी सर्जनच्या दवाखान्यात मी एकोणतीस वर्षं नर्स होते, तेव्हा असे प्रसंग माझ्याजवळ पोत्यानं असतील असा त्यांचा समज. मी दोन दिवस आठवत बसले. नोकरीत मी सगळ्यात जास्त वेळा कोणतं वाक्य बोलले असेन, ते शोधून पाहिलं. 'घाबरू नका' नाही, 'देवावर भरवसा ठेवा' तर मुळीच नाही. ते वाक्य होतं, "वारा सरला का?" सकाळी आल्याबरोबर, दुपारी जेवणाआधी, संध्याकाळी निघताना, खाटेखाटेशी जाऊन, मोठ्या आवाजात. एकदा घरी चहा गाळता गाळता मी हाच प्रश्न नवऱ्याला विचारला. त्यानं पेपरातून डोकं वर न काढता "हो" म्हटलं.

आता हे दिवाळी अंकात छापायचं की नाही, ते संपादकांनी ठरवावं. मी दुसरं काही लिहू शकत नाही.

ज्यांचं पोट कधी उघडलं गेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. आपण घास गिळतो, तो पोटात पडतो आणि तिथून आपोआप खाली घसरत जातो अशी बहुतेकांची समजूत असते. घसरत काही नाही. आतडी म्हणजे वीस-बावीस फुटांची नळी, आणि त्या नळीच्या भिंतीत स्नायूंची कडी असतात. घासाच्या मागचं कडं आवळतं, पुढचं सैल होतं, घास थोडा सरकतो. मग पुढचं कडं आवळतं. पायजम्यात नाडी ओवताना आपण कापड चिमटीत धरून धरून पिन पुढं नेतो, तसंच काहीसं. माणूस उलटा टांगला तरी गिळलेलं जिकडे जायचं तिकडेच जातं. हे काम आपल्याला विचारून होत नाही. झोपेत चालतं, भांडताना चालतं, लग्नाच्या पंगतीत चालतं, आणि पोटात गुरगुर होते ती त्याचीच.

पण पोटाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांचा हात आतड्यांना लागला, की आतडी रुसते. काम बंद. छोटी आतडी एखाद्या दिवसात समजूत घालून घेते, शेवटची मोठी आतडी दोन-दोन, तीन-तीन दिवस हलत नाही. तेवढ्यात वरून काही घातलं तर ते जाणार कुठं? पोट फुगतं, ओकारी होते, टाक्यांवर ताण येतो. म्हणून आमच्याकडे नियम होता की वारा सरेपर्यंत तोंडातून थेंब नाही. आता नवे डॉक्टर लवकर पाणी देतात, कुणी कुणी पेशंटला चघळायला च्युइंग गमसुद्धा देतात, म्हणजे आतडीला वाटतं जेवण आलं आणि ती लवकर उठते. चांगलं आहे. आमचे डॉक्टरसाहेब मात्र जुन्या वळणाचे होते आणि त्यांच्या नियमासाठी नातेवाइकांच्या शिव्या खायला मी होते.

शिव्या म्हणजे कशा? "पेशंटले उपाशी मारून राह्यल्या," हे तर रोजचं. बाया वरणाचं पाणी चोरून आणत. पकडलं की म्हणत, हे काय जेवण होय का, पाणीच तं हाये. मी म्हणायची, पाणीपण नाही. त्या म्हणत, बरं, मंग दूध देतो. एका म्हाताऱ्याच्या उशाखाली मला सोललेली मोसंबी सापडली, ती कुणी ठेवली ते खाटेभोवतीच्या सहा जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं. एक निवृत्त हेडमास्तर होते. ऑपरेशनच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी मला खणखणीत आवाजात सांगितलं की सरला. आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलेला माणूस, मी विश्वास ठेवला. त्यांना चहा पाजला. अर्ध्या तासानं तो चहा डॉक्टरसाहेबांच्या बुटांवर परत आला. मास्तरांना चहाची तलफ आली होती, बाकी काही नाही. साहेब मलाच बोलले.

खोटं बोलणारे पुरुष आणि खरं न सांगणाऱ्या बाया, यांच्यामध्ये माझी नोकरी गेली. पुरुषाला विचारा, तो नसला तरी हो म्हणेल. बाईला विचारा, ती पदर तोंडावर ओढून घेईल. तिच्या पोटावर नऊ टाके, नाकात नळी, हाताला सलाइन, आणि लाज मात्र शाबूत. मला भयंकर चीड यायची. मी वॉर्डात सगळ्यांदेखत ऐकवायची की अवं माय, यात लाजायचं काय, राजालेपण सरते आणि राणीलेपण. सगळ्या हसायच्या आणि सांगायची एकही नाही. मला स्वतःला लाज म्हणून काही उरलेली नाही, असा माझा त्या वेळी मोठा तोरा होता.

सुनीताची गोष्ट या तोऱ्याचीच आहे.

सुनीता आसेगावकडची. घरची पाच एकर, विहिरीवर भाजीपाला, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर. माल आठवडी बाजारात. दोन लेकरं. घरात नवरा गजानन आणि सासरे पुंडलिकराव, सासू दोन वर्षांपूर्वी वारलेली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता सुनीताच्या पोटात कळ उठली. शेजारणीनं पाहिलं आणि पोट साफ नाही म्हणून एरंडेल पाजलं, वरून बेंबीभोवती तेल लावून रगडलं. इथं मी पुन्हा कपाळावर हात मारते. तिच्या आतडीला पीळ पडला होता. पुढचा रस्ता बंद, आणि एरंडेल आतडीला मागून सांगतं, ढकल, आणखी जोरानं ढकल. भिंतीवर बैलगाडी घालावी तसं. मी हे एकोणतीस वर्षं सांगत आले की पोट दुखतं, फुगतं आणि शौच-वारा दोन्ही बंद आहे अशा माणसाला जुलाब देऊ नका, तो देवाघरी जाईल. मान हलवतात. घरी जाऊन पाजतात.

गजानननं तिला दुपारच्या गाडीनं आणलं. साहेबांनी तासाभरात पोट उघडलं. आतडी काळसर निळी पडली होती, पीळ सोडवल्यावर गरम पाण्याच्या कापडात धरून आम्ही वाट पाहिली. हळूहळू ती गुलाबी झाली आणि तिच्यावरून एक बारीक लाट सरकत गेली. ते मी कितीही वेळा पाहिलं तरी मला बरं वाटायचं. कापायची गरज पडली नाही. साहेब म्हणाले, पोरगी सुटली, पण लक्ष ठेवा, ही आतडी पुन्हा फिरू शकते.

वांगी तोडणीला आलेली होती, ती माणसाच्या दुखण्यासाठी थांबत नाहीत. म्हणून गजानन सकाळच्या गाडीनं यायचा, वडिलांचा डबा ठेवायचा आणि परत जायचा. सुनीताची आई लेकरांना सांभाळायला आसेगावला येऊन राहिली. राहिले पुंडलिकराव. ते सुनेच्या खाटेशेजारी स्टुलावर बसले ते बसलेच. उंच, वाळलेले, डोक्याला पांढरा रुमाल, फार बोलणं नाही. दुसऱ्या बायांचे पुरुष नातेवाईक भेटीची वेळ संपली की निघत, हे हलत नसत. डबा तिथंच खात. दुपारी डुलकीही तिथंच, भिंतीला टेकून.

सुनीता त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर खाली येऊ देत नव्हती. त्या घरात आठ वर्षं ती सासऱ्यांशी मान वर करून बोलली नव्हती. आणि मी पहिल्या दिवसापासून सकाळ-दुपार-संध्याकाळ तिच्या खाटेशी उभी राहून, हातात कागद घेऊन, मोठ्यानं विचारत होते, वारा सरला का? तिकडे पुंडलिकराव मान वळवून खिडकीबाहेर पाहायचे. सुनीता मान हलवायची. मी कागदावर 'नाही' लिहायची.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी पोटाला तपासायची नळी लावून ऐकलं. आवाज सुरू झाले होते. म्हणजे आतडी उठली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होईल. झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोट फुगलेलं, ताठ, आणि ती ओठ दाबून पडलेली. पांघरूण दोन्ही मुठींत घट्ट. तिनं पाय पोटाशी ओढले होते, आणि सासरे जरा हलले की ती आणखी आवळून घ्यायची. मला तिथंच उमगलं. खरं तर आदल्या दिवशीच उमगलं होतं.

शरीराची ही गंमत आहे. तोंडातून घास खाली गेला की पुढचं सगळं आपल्या हाताबाहेर, वीस-बावीस फूट आतडी आपलं काम आपण करते. फक्त शेवटचं दार आपल्या हातात असतं. आणि आमच्या बाया ते दार धरण्यात पटाईत. शेतात दिवसभर धरतात, एसटीत धरतात, लग्नघरात दोन दोन दिवस धरतात. सुनीताची आतडी ढकलत होती आणि सुनीता दार धरून बसली होती, कारण दारासमोर मामाजी, म्हणजे सासरे, बसले होते.

मी म्हटलं, संडासात तरी मोकळी होईल. तिला उठवलं. तर पुंडलिकराव आधी उठले. सलाइनची बाटली त्यांनी काढून उंच धरली आणि निघाले तिच्यामागं. नळी किती लांब असते? संडासाच्या पत्र्याच्या दाराला खेटून ते उभे, हात वर, बाटली हातात, तोंड भिंतीकडे. दुसरं कुणी करणार नाही इतकं त्यांनी त्या पोरीसाठी केलं. मी म्हटलं, द्या काकाजी, मी धरते. ते म्हणाले, "तुमाले किती कामं राह्यतात सिस्टर. मी हाये ना." सुनीता तशीच परत आली.

मी तिच्या कानाशी वाकले आणि पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. म्हणाली, "मामाजी बसले हायेत ना."

मग मी सासऱ्यांना हलवायच्या मागे लागले. म्हटलं, काकाजी, अंघोळ करून या. झाली म्हणाले. म्हटलं, मेडिकलमधून कापूस आणा. त्यांनी खिशातून काढून दिला, सकाळीच गजाननकडून मागवून ठेवला होता. म्हटलं, दर्ग्यावर जाऊन या, इथं आलेला प्रत्येक माणूस जातो. ते म्हणाले, पोरगी घरी आली की तिले घेऊनच जाईन. भेटीची वेळ संपली म्हटलं, तर म्हणाले मी भेटायले थोडाच आलो, मी तं राखणीले हाये. शेवटी म्हटलं, निदान चहा तरी पिऊन या खाली. मग त्यांनी सांगितलं की सुनीताची सासू अकोल्याला भरती होती तेव्हा नर्सनं असंच म्हटलं, काका, चहा घेऊन या. ते खाली गेले. अर्धा कप झाला होता तेवढ्यात वरून माणूस बोलवायला आला. वर गेले तर ती गेली होती.

"त्या दिवसापासून चहा सोडला," ते म्हणाले. "आता खाटेपासून उठत नाई मी."

असं ऐकल्यावर माणसानं काय करावं? मी तिथून निघून गेले. ड्रेसिंगच्या ट्रेवर चिडले, आयाबाईवर चिडले, गजाननला फोन लावून त्याच्यावर चिडले की तुझी बायको इथं आणि तू वांग्यात काय करून राह्यला. तो घाबरला, लगेच निघतो म्हणाला. पण आसेगावहून दुपारची गाडी यायला वेळ होता. फोनवरही मी त्याला खरं कारण सांगितलं नाही.

दुपारी साहेबांनी एक्स-रेचा फोटो काढला. पोटात हवा भरलेली, ती खालपर्यंत उतरलेली दिसत होती, पण बाहेर नाही. साहेब चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले की मला पुन्हा पिळाची भीती वाटते, चार वाजेपर्यंत वारा सरला नाही तर अकोल्याला पाठवू, तिथं पुन्हा उघडावं लागेल. त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. दोन वाजून गेले होते. एकदा उघडलेलं कच्चं पोट तिसऱ्याच दिवशी पुन्हा उघडायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. साहेबांना कळत नव्हतं, आणि जिला कळत होतं ती मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी होते.

मी वॉर्डात गेले आणि पुंडलिकरावांना म्हटलं, व्हरांड्यात या. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते उठले. मी सांगितल्यावर, तीन दिवसांत पहिल्यांदा. बाहेर येऊन त्यांनी विचारलं की काही वाईट हाये का.

मी म्हटलं, "काकाजी, तुमच्या सुनेचं पोट तुमच्यामुळं अडून राह्यलं."

"म्या काय केलं?"

"तुमी काई नाई केलं. तुमी बसले हायेत, म्हणून तिले वारा सोडता येऊन नाई राह्यला. तिले तुमची लाज वाटते. तीन दिवस धरून राह्यली ती."

मग त्यांची मान खाली गेली. कान लाल झाले होते. मला वाटलं, आता रागावतील, माणूस सासरा आहे, वयानं मोठा आहे. त्यांनी डोक्यावरचा रुमाल काढला, तोंड पुसलं, पायांत चपला सरकवल्या आणि जिना उतरून गेले.

मी आत आले. सुनीतानं रिकामं स्टूल पाहिलं. मामाजी कोठी गेले, विचारलं. मी तिला खिडकीकडे वळवलं. पुंडलिकराव दवाखान्याच्या फाटकाशी थांबले नव्हते. रस्ता ओलांडून, पानठेल्याच्या पलीकडे, बसस्टँडकडे जाणाऱ्या वळणावर जाऊन उभे होते. तिथून त्यांना वॉर्डातलं भांडणसुद्धा ऐकू आलं नसतं. तरी त्यांनी दवाखान्याकडे पाठ केली होती. उन्हात ताठ उभे.

सुनीता बघत राहिली. मग रडायला लागली. हुंदके देऊन, आवाज काढून, आठ वर्षांचं एकदम. तिचा पदर खाली गेला, मुठी सुटल्या. रडता रडता मधेच थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि रडत रडतच हसली. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "सुटली माय, सुटली." मग ती किती वेळ सुटत राहिली ते मी दिवाळी अंकात लिहीत नाही. अर्ध्या तासात पोट मऊ पडलं. साहेबांनी हात लावून पाहिलं, नळीनं ऐकलं, चिठ्ठी फाडली आणि मला विचारलं की काय केलं सिस्टर तुमी. मी म्हटलं, काही नाही, पेशंटला चालवलं.

मी रस्ता ओलांडून गेले. पुंडलिकराव अजून तसेच पाठमोरे. मी हाक मारल्यावर वळले. त्यांच्या डोळ्यांत पाहवत नव्हतं, त्यांना वाटलं होतं की मी दुसरीच बातमी घेऊन आले. मी म्हटलं, "सरला काकाजी. पोट मोकळं झालं. अकोल्याले जायचं काम नाई."

ते तिथल्या दगडावर बसले. दोन्ही हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. येणारेजाणारे बघत होते. मग त्यांनी वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, त्यात राग नव्हता, गाऱ्हाणं नव्हतं, त्यांना फक्त जाणून घ्यायचं होतं.

"सिस्टर, तुमाले मालूम होतं. तं मले पहिल्याच दिवशी काहून नाई सांगतलं? म्या तवाच उठलो असतो."

माझ्या तोंडाशी पुष्कळ उत्तरं आली. तुमची बायको अशी गेली, म्हणून सांगवलं नाही, हे एक. पण ते त्यांनी तिसऱ्या दिवशी सांगितलं होतं, त्याआधी काय? कामं होती, हे दुसरं. इतकी वर्षं मी अख्ख्या वॉर्डाला लाज सोडायला सांगत होते. एका म्हाताऱ्या माणसाला साधं एक वाक्य सांगायला मी तिसरा दिवस उजाडू दिला होता, आणि तेवढ्यात ती पोरगी मरणार होती.

मी म्हटलं, "मले लाज वाटली, काकाजी."